फुलवर अडकलेलं बटण

रुचिकाने स्क्रूड्रायव्हरचं टोक एम-सीलच्या कडेखाली घातलं आणि दाबलं. एक करडा तुकडा उडून टेम्पोच्या पत्र्यावर टणकन वाजला. बास गिटारच्या आवाजाचं बटण मात्र जागचं हललं नाही.

"ताई, मोडशील," सुरज म्हणाला. तो टेम्पोवर स्पीकर बांधत होता.

"मोडू दे. हे लावायच्या आधी मला विचारलं होतंस?"

"विचारलं असतं तर तू लावू दिलं असतंस का?"

सुरज तिचा मामेभाऊ. तलासरीत त्याची बँजो पार्टी होती, आणि डहाणूच्या कॉलेजातली प्रयोगशाळा सांभाळून रुचिका सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे बास वाजवायची. मागच्या मोसमात उधव्याच्या एका वरातीत चालत्या टेम्पोला खड्डा लागला, तिचा हात बटणावर आपटला आणि बास गायब झाला. नवरदेवाच्या काकाने नाचायचं थांबवून सगळ्या पार्टीला शिव्या घातल्या. त्यावर सुरजने काढलेला तोडगा म्हणजे हे एम-सील. बटण फुल आवाजावर, कायमचं. वरातीत तिने ते कसंबसं सोसलं होतं. आजचं वरातीचं काम नव्हतं.

आज वाघबारस होती. भात कापून झाला होता, पाड्याच्या अंगणात फेर धरायचा होता, आणि मध्ये तारपा, ते भोपळ्याचं फुंकवाद्य, घेऊन उभा राहणार होता लाहूआजा, दोघांचा आजा. तारपा थांबला की फेर सुटतो, आणि वाघबारशीचा फेर दिवेलागणीच्या आत सुटू द्यायचा नसतो. मागच्या वर्षी आजाचा दम दोनदा तुटला. यंदा तसं झालं तर पुढच्या वर्षीपासून मोबाइलवरचा तारपा लावायचा, असं पाड्यातल्या पोरांनी सुरजकडून कबूल करून घेतलं होतं. आजाच्या तारप्याच्या भोपळ्याला माइक बांधायचा आणि खालून बँजो पार्टीची साथ द्यायची, ही सुरजची मधली वाट.

मघाशी त्यांनी एकदा वाजवून पाहिलं होतं. रुचिकाने पायाने आवाज खरखरीत करणारा फझचा पेडल दाबला, तार छेडली, आणि आजाने तोंडातला तारपा काढून हातच वर केला.

"बंद कर गं तुझं ते! तुझा कुठला नि माझा कुठला, मलाच कळत नाय. हा काय दुसरा भोपळा आणलाय?"

तो चिडला ते बरोबरच होतं. फुलवरचा फझ तारप्यासारखाच घरघरत होता आणि त्याच्यावर बसत होता.

"पेडल बंद ठेव ना मग," सुरज आता म्हणाला.

"बंद ठेवला तर या तुझ्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही. बटण मागे घेतलं की दोन्ही जमतं. तुला किती वेळा सांगितलं."

"व्हॉल्यूम म्हणजे व्हॉल्यूम, ताई. कमी केला की कमी."

"पेडल लावल्यावर नाही. पेडल आवाजाच्या लाटेचे माथे छाटतो. बटण फुल सोडलं तर सगळंच सपाट छाटलं जातं. मी हळू छेडलं काय, जोरात छेडलं काय, बाहेर एकच घरघर. थोडं मागे घेतलं की फक्त जोराचे माथे छाटले जातात. खरखर कमी होते, आवाज जवळपास तेवढाच राहतो."

"म्हणजे बटण फिरवून आवाज कमी होतच नाही?"

"खूप फिरवलं तर होतो. आधी पोत बदलतो."

"मग त्याला व्हॉल्यूम कशाला म्हणतात?"

रुचिकाने डोळे मिटले. मग स्क्रूड्रायव्हर बटणाच्या बुडाशी लावून त्याच्या मुठीवर हातोडी मारली. बटण दोन तुकडे होऊन खाली पडलं. मागे धातूची उघडी दांडी राहिली.

"झालं समाधान?" सुरज म्हणाला.

"झालं. आणि आजचं माझं शेवटचं. दुसरी बघ तू कुणीतरी."

"हे तू दर दिवाळीला म्हणतेस."

तिने पर्समधून खोडरबर काढलं, त्याला भोक पाडलं आणि दांडीवर घट्ट बसवलं. फिरवून पाहिलं. फिरत होतं.

उन्हं कलल्यावर फेर उभा राहिला. एकमेकांच्या कमरेत हात घालून बायाबापे साखळीत आले. आघाडीला आजाची सून नवशी होती. आजा मध्ये उभा राहिला. भोपळा, त्याला जोडलेल्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा. त्याने गाल फुगवले आणि फुंक न तोडता वाजवायला सुरुवात केली. साखळी त्याच्याकडे तोंड करून सरकू लागली, कारण तारप्याकडे कुणी पाठ करत नाही.

रुचिका टेम्पोच्या कडेवर बसली होती. खोडरबर तिने निम्म्यावर आणलं होतं. बास गोल, जमिनीलगत येत होता. पाय जोरात पडायचे तिथे ती तार जोरात ओढायची आणि तेवढ्यापुरती खरखर उमटायची. आजाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

"ऐकू येत नाहीये तुझं!" सुरज कीबोर्डवरून ओरडला. "वाढव!"

तिने खोडरबर होतं तिथेच ठेवलं.

अंगणावरची सावली लांबली. फेर वेगात आला होता. आणि तेव्हा तारपा पातळ झाल्याचं तिला ऐकू आलं. आधी वरचा सूर डळमळला, मग खालची घरघर विरळ होऊ लागली. आजाचे गाल फुगत होते, पण पूर्ण नाही. ओठ नळीवर होते, बोटं भोकांवर पळत होती, मान ताठ होती. फुंक तेवढी नव्हती.

कडेला बसलेल्या पोरांपैकी एकाने खिशातून मोबाइल काढला.

रुचिकाचा डावा हात बासच्या मानेवरून खाली, गिटारच्या पोटाजवळच्या पट्ट्यांपर्यंत सरकला. आजाचा सूर तिला माहीत होता. लहानपणापासून दर वर्षी ऐकलेला. तो तिने धरला आणि उजव्या हाताच्या करंगळीने खोडरबर हळूहळू फुलकडे नेलं. गोल आवाजाला कड आली, कडेचे दात झाले, आणि मग स्पीकरमधून भोपळा घरघरू लागला.

नवशी आजापासून हातभर अंतरावर होती. तिने आजाच्या गालांकडे पाहिलं, मग टेम्पोकडे. तिचं पाऊल क्षणभर अधांतरी राहिलं. मग तिने मोठ्याने हाळी दिली आणि साखळीला पुढे ओढलं. फेर तुटला नाही. पोराने मोबाइलवर आजाचा फोटो काढला.

आजा वाजवत होता. बोटं एकदाही चुकली नाहीत. थोड्या वेळाने त्याचे गाल पुन्हा फुगले, स्पीकरमध्ये दोन भोपळे एकमेकांवर बसले, आणि रुचिकाने करंगळीने आपला मागे घेतला. दिवेलागणीपर्यंत असं आणखी दोनदा झालं.

वाघदेवापुढे दिवा लागला तशी साखळी हसत, धापा टाकत सुटली. आजा टेम्पोच्या चाकाला टेकून बसला. नवशीने पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. मग तिने रुचिकाच्या गालावरून हात फिरवला आणि निघून गेली.

सुरज खुशीत आला. "आजा, मानलं तुला! शेवटी तर आणखीच चढला. पोरं गप्प झाली. आशागडवाले आले होते, पुढच्या रविवारी त्यांच्या गावात तारपा वाजवायला मी हो म्हणून टाकलं. जमेल ना?"

आजा पाणी पीत होता.

"आणि ताई, तू," सुरज तिच्याकडे वळला. "तुझा बास अधूनमधून गायबच होत होता. सांगितलं होतं ना, बटण फिरतं. उगाच फोडलंस." त्याने खिशातून एम-सीलची पुडी काढली. "नवीन बटण बसवून पुन्हा लावून टाकतो, आण इकडे."

रुचिकाने बास स्वतःकडे ओढून घेतला.

आजाने तांब्या खाली ठेवून हात पुढे केला. सुरजने न कळून पुडी त्याच्या हातावर ठेवली. आजाने ती आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आशागडचं मला काय विचारतोस?" तो म्हणाला. आवाज अजून बसलेला होता. "हिला विचार."

"हिला? हिचा काय संबंध?"

रुचिका केबल गुंडाळत होती. हातावर अर्धं वेटोळं तसंच धरून तिने आजाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. भोपळ्यावरची धूळ अंगठ्याने पुसत होता.

"किती वाजता निघायचं?" तिने सुरजला विचारलं.