पानावर नसलेली ओळ

"पवित्र शास्त्र वाचताना कोणी एखादी ओळ पदरची घातली, तर देव ती पाळतो का?"

पाळकांनी हातातली घडीची खुर्ची भिंतीला टेकवली. उपासना संपून चर्च रिकामं झालं होतं. दाराआड प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या दोन मैत्रिणी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं त्याच म्हणाल्या होत्या, आणि माघार घेईल ती रेडिओ कसली. घरीदारी सगळे तिला रेडिओच म्हणत. आवाज खणखणीत, आणि बंद करायचं बटण नाही.

"जे तो बोललाच नाही, ते त्याच्या गळ्यात कसं घालणार?" पाळक म्हणाले. "ऐकणारा मात्र विसंबून बसतो बिचारा. तुला गं ही पंचाईत कशाला?"

"असंच," ती म्हणाली.

मैत्रिणींना ती सगळी गंमत वाटत होती. रेडिओ त्यांच्यासाठी न थांबता तडक घरी आली.

आई पलंगावर पडून होती. शिवणकाम करणाऱ्या आईच्या एका डोळ्यातला पडदा सुटला होता. दुसऱ्या डोळ्यानं फार पूर्वीपासूनच जेमतेम दिसायचं. शस्त्रक्रिया उद्या होती. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. उशीर झाला तर गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

चार दिवसांपूर्वी शास्त्र ऐकता ऐकता आई हमसून रडायला लागली होती. शेजारी बसून वाचणाऱ्या रेडिओला ते बघवेना. मग तिनं वक्तृत्व स्पर्धेत लावते तसा आवाज लावून, पानावर नसलेली एक ओळ वाचली: कोणाचा हात न लागता तुझे डोळे उघडतील. आई शांत झाली, पोटभर जेवली, आणि सकाळी उठून म्हणाली, "मला वचन मिळालंय. आता कापाकापी नको."

ती ओळ मोठ्या अक्षरात लिहून शिलाई मशीनवर लावायची होती. म्हणून बाबा ती शोधत होते. बाबा पुस्तकबांधणी करायचे. नखांच्या कडांना खळ वाळलेली असायची. अशी शेकडो शास्त्रं त्यांनी हातानं शिवली होती. आजही ते पहिल्या पानापासून एकेका ओळीवरून बोट फिरवत होते.

"सापडलं का हो?" आईनं विचारलं.

"सापडेल. पुस्तक कुठं पळून जातंय? माझंच लक्ष नसेल." त्यांनी डोळे चोळले. "रेडिओ, कुठल्या भागात होतं गं? तेवढं आठव की."

गेले चार दिवस तिनं 'आठवत नाही' म्हणून वेळ मारून नेली होती. ती एक ओळ खोटी म्हटली, तर आजवर वाचलेल्या बाकीच्या ओळींवर आईनं कशाच्या भरवशावर विसंबायचं?

"आली का माझी पोर?" आई हसली, पण जिथं रेडिओ उभी होती त्याच्या जरा डावीकडे बघून. "बस, वाच. तुझ्या तोंडून ऐकलं की धीर येतो बघ."

बाबांनी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. तिनं ते दोन्ही हातांनी परत त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आजपासून तुला बाबा वाचून दाखवतील," ती म्हणाली. "आणि बाबा, शोधणं थांबवा. ती ओळ माझी आहे."