इतिहासामागचं पाणी

जुळे सोलापुरातल्या ‘शेजार’ रेडिओला दहा वर्षं झाली, तेव्हा केंद्राचा इतिहास सांगायचा मान वेणीमाधव सरांनी स्वतःच स्वतःला दिला. केंद्र त्यांनीच काढलेलं. रोज सकाळचं आपलं भाषण अख्खी वसाहत ऐकते, अशी त्यांची खात्री होती. भाषण संपलं की निवेदिका शाइस्ता कुठल्या भागात नळाला पाणी कधी येणार, ते सांगायची.

“आज पाणी आधी सांगून टाक,” सर म्हणाले. “इतिहासामागं पाणी शोभत नाही.”

“राहू द्या की सर शेवटी. पहिल्यापासून तसंच चाललंय.”

“म्हणूनच बदलायचं.”

तिनं पाणी सांगितलं. मग सरांनी पहिल्या माइकपासून गच्चीवरच्या अँटेनापर्यंत सगळा इतिहास सांगितला. फोन एकदाही वाजला नाही. घरी त्यांच्या पत्नी गोदावरीबाई पिंप भरत होत्या.

“कसा झाला इतिहास?”

“अहो, पाण्याची वेळ कळल्यावर रेडिओ कोण चालू ठेवतंय?”

सरांचा चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी ‘श्रोत्यांच्या आग्रहास्तव’ इतिहास पुन्हा लागला. या खेपेला पाण्याच्या आधी. बराच वेळ झाला तरी सर पहिल्या माइकपर्यंतच पोचले होते, तेवढ्यात फोन वाजला. गाणं लावून त्यांनी तो घेतला. पलीकडे गॅरेजवाले राजेसाब होते.

“सर, लई झकास चाललंय. पण अजून किती हाय? आमची टाकी रिकामी हाय.”

“म्हणजे ऐकताय ना?”

“ऐकतोय की! न ऐकून जातो कुटं?”

सरांनी समाधानानं फोन ठेवला आणि इतिहास आणखी थोडा लांबवला.