डेल्मरच्या शर्टाची पाठ

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आमच्या गवताच्या धावपट्टीवर जुनी विमानं उतरायला लागली, की नवरे बायकांना ओळखेनासे होतात. मक्याच्या शेतांवरून पिवळी, निळी, लाल, कापडी पंखांची विमानं एकेक करत खाली येतात, आणि गुडघेदुखीनं वर्षभर कण्हणारी माणसं त्यांच्यामागे पोरांसारखी धावत सुटतात. भेटल्यावर आधी एकमेकांच्या इंजिनाची तब्येत विचारतात, मग आठवलं तर माणसांची. मी इतकी वर्षं या वेडाला नाकं मुरडत आले. पण खरं सांगते, नाताळची वाट बघत नाही इतकी मी या दिवसाची बघते.

यंदा मात्र तो दिवस उजाडूच नये असं वाटत होतं.

मार्चमध्ये डॉक्टरांनी डेल्मरचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, हृदय तपासलं आणि त्याचं विमान चालवणं कायमचं बंद केलं. त्या दिवसापासून त्यानं हँगरचं तोंड पाहिलं नाही. आमचं पिवळं कब विमान त्याच्या वडिलांनी युद्धानंतर घेतलेलं. दोघांनी एकामागे एक बसायचं. चालवणारा मागे, पाहुणा पुढे. म्हणजे आयुष्यभर मी पुढे, आणि मागून डेल्मर ओरडणार, "आर्लिस, डोकं बाजूला घे, काही दिसत नाही!" लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशी सगळ्यात जास्त बोलला असेल तर हेच वाक्य.

एका रात्री जेवताना तो ताटातून मान वर न करता म्हणाला, "कब संग्रहालयाला देऊन टाकतो. छताला टांगणार आहेत."

"टांगणार? म्हणजे ते परत उडणारच नाही?"

"मी तरी कुठे उडणार आहे? घेवडा दे इकडे."

घेवड्याचं भांडं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. कारण त्याला ठाऊक नव्हतं, पण तोवर मी विमान शिकत होते. तेही आमच्याच कबवर. दर गुरुवारी चर्चच्या बायकांबरोबर गोधडी शिवायला जाते असं सांगायचं आणि गाडी धावपट्टीकडे वळवायची. शिकवायला बर्डेट. तो डेल्मरचा शाळेपासूनचा दोस्त, देहानं असा की पुढच्या सीटवर बसला की मला आकाश दिसणं बंद. माझा बेत साधा होता: मी चालवायला शिकले, की डेल्मर पुढे बसेल आणि दोघं पुन्हा उडू.

परवाना हातात आला आणि माझी वाचाच बसली. ज्याच्या हातून विमान काढून घेतलंय, त्याला बायकोनं काय सांगायचं? तुझं संपलं, माझं सुरू झालं? जखमेवर मीठच की ते. आज सांगू, उद्या सांगू करत मेळाव्याचा दिवस उजाडला. विमान ताब्यात घ्यायला संग्रहालयाची बाई त्याच सकाळी यायची होती, आणि परवाना माझ्या पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्यांबरोबर लोळत होता. धावपट्टीवरच्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं. डेल्मरला तेवढं नव्हतं.

आता शर्टाचं सांगते. आमच्याकडे रीत आहे. शिकणारा पहिल्यांदा एकटा उडून धडपणे खाली आला, की शिकवणारा कात्री घेऊन त्याच्या शर्टाची पाठ कापतो. पूर्वी शिकवणारे मागे बसून, शर्ट ओढून सांगायचे; आता तुला तसं सांगणारं कोणी नको, असा त्याचा अर्थ. तो तुकडा क्लबच्या शेडमध्ये भिंतीवर लागतो, नावासकट. मी एकटी उडाले त्या दिवशी नेमका डेल्मरचा लाल चौकड्यांचा शर्ट अंगात घातला होता. बर्डेटनं कात्री चालवली तेव्हा मी किंचाळले, पण उशीर झाला होता.

"तुकडा जाळून टाक," मी त्याला म्हटलं.

"वेडी झालीस का?" बर्डेट म्हणाला. "पहिल्या उड्डाणाचा शर्ट कोणी जाळतं? लपवतो कुठेतरी, काळजी करू नकोस."

त्यानं लपवला कुठे? शेडच्या भिंतीवरच! नाव न घालता, कॉफीच्या मोठ्या पिंपामागे. या लोकांना बायकोशी खोटं बोलता येईल, पण शर्टाचा तुकडा भिंतीवर न लावणं काही जमायचं नाही.

शनिवारी सकाळी शेडमध्ये पॅनकेकचा वास दरवळत होता. डेल्मर तोंड पाडून आला, कोणाशी धड बोलला नाही, आणि कॉफी घ्यायला गेला. पिंप तळाला गेलं होतं. शेवटची कॉफी निघावी म्हणून त्यानं ते पुढे कलतं केलं आणि तसाच थांबला.

"बर्डेट," तो म्हणाला, "माझ्या शर्टाची पाठ इथे काय करतेय?"

पॅनकेक उलटणारे हात थांबले.

"चौकड्यांचे शर्ट काय, सगळ्यांकडेच असतात," बर्डेट म्हणाला.

"हिरव्या दोऱ्यानं शिवलेले? लाल शर्टाला हिरवा दोरा लावणारी बाई या जिल्ह्यात एकच आहे." तो सावकाश माझ्याकडे वळला. "धुण्याच्या मशीननं शर्ट फाडला म्हणालीस ना?"

"मशीननं नाही. या बर्डेटनं कापला."

"आणि ती गोधडी? एप्रिलपासून शिवत होतीस ती?"

"गोधडी नाहीच आहे, डेल्मर." मी पर्समधून परवाना काढून त्याच्यासमोर धरला. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. पण तू पुढे बसावंस म्हणूनच शिकले रे मी."

तो बाहेर पडला आणि तरातरा हँगरकडे निघाला. मी मागे, माझ्यामागे बर्डेट, त्याच्यामागे हातात प्लेटी घेतलेली निम्मी शेड. डेल्मरनं मार्चनंतर पहिल्यांदाच ते दार सरकवलं. पंखावरून बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली नाही. वाकून शेपटीचं चाक पाहिलं. त्यात ताजं गवत अडकलं होतं. ते त्यानं बोटानं काढून तळहातावर घेतलं. मला वाटलं, आता हा मला आयुष्यात माफ करणार नाही.

"पहिल्यांदा उतरवताना किती उड्या मारल्यास?" त्यानं विचारलं.

"चार!" मागून बर्डेट ओरडला.

"तीन," मी म्हटलं. "चौथी छोटी होती."

"माझ्या सहा झाल्या होत्या. बाबा महिनाभर मला बेडूक म्हणून हाक मारायचे." तो माझ्याकडे वळला. "मला राग एकाच गोष्टीचा आलाय, आर्लिस. कात्री माझ्या हातात हवी होती. मी तिथे असायला हवा होतो."

मला रडू आवरेना. त्यानं खिशातला तेलकट फडका पुढे केला, आणि मी त्यानंच डोळे पुसले.

तेवढ्यात संग्रहालयाची केंड्रा नावाची तरुण बाई मोजपट्टी घेऊन आली. बिचारी फार गोड होती. "मिस्टर हॉवलंड, पंख आजच उतरवायचे का? आमची माणसं तयार आहेत."

"जरा थांबा," डेल्मर म्हणाला. "पायलटला विचारावं लागेल." आणि माझ्याकडे वळला. "काय म्हणतेस?"

"आधी एक चक्कर मारू. मग ठरव."

"ऐकलंत? तुम्ही तोवर पॅनकेक खा."

कब गवतावर आणलं. सवयीनं डेल्मर मागच्या सीटवर पाय टाकायला गेला. "पुढे," मी म्हटलं. कुरकुरत, गुडघे कानापर्यंत घेत तो पुढे बसला. "ही सीट एवढी अरुंद आहे? बोलली नाहीस कधी!"

"बोलले. इंजिनाच्या आवाजात तुला ऐकूच येत नव्हतं."

बर्डेटनं हातानं प्रॉपेलर फिरवला, इंजिन खोकलं आणि सुरू झालं. गवत मागे पळालं, शेपटी उचलली गेली, आणि आम्ही मक्याच्या वर होतो. खाली रांगेत उभी विमानं, हात हलवणारी माणसं, धान्याच्या उंच कोठारावर सकाळचं ऊन. डेल्मरचे खांदे हलताना दिसले. रडतोय वाटलं, म्हणून इंजिन थोडं मंद केलं. तो गात होता. चर्चमध्ये जसा बेसूर गातो, तसाच. इतक्या महिन्यांनी ते बेसूर गाणं ऐकून मला जे वाटलं ते मी कोणाला सांगू शकणार नाही.

उतरायला वळले. समोर धावपट्टी असायला हवी होती, तिथे होतं डेल्मरचं टक्कल.

"डेल्मर, डोकं बाजूला घे!" मी ओरडले. "काही दिसत नाही!"

तो जो हसायला लागला, त्या हसण्यानं विमान हलतंय की काय असं वाटलं. हसता हसताच त्यानं डोकं खिडकीबाहेर काढलं. चाकं टेकली, उसळली.

"एक!" तो ओरडला. चाकं पुन्हा टेकली. "दोन!"

मग आम्ही गवतावर सरळ धावलो आणि थांबलो.

केंड्रा बोटांवरचा पॅनकेकचा पाक चाटत, मोजपट्टी बगलेत धरून वाट बघत होती. डेल्मर पुढच्या सीटमधून कसाबसा बाहेर पडला, खिशातली टोपी डोक्यावर चढवली आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"माफ करा हं," तो म्हणाला. "विमान काही देता येत नाही, त्याला पायलट मिळालाय. पण छताला काहीतरी टांगायचंच असेल, तर उरलेला शर्ट घरी आहे."