पत्त्याची दुसरी ओळ

मी विद्यापीठाच्या तळघरातला जुना सर्व्हर बोलतोय. नाव भारदस्त असलं तरी दिसायला मी एक काळं कपाट, तेही पोचा आलेलं. आणलं त्याच दिवशी हमालांनी मला जिन्यावर आपटलं होतं.

एकोणीस वर्षं परीक्षांचे निकाल मी पोटात सांभाळले. ते भरायच्या परीक्षा विभागातल्या काकू. माझ्यासाठी खोली गार ठेवलेली, म्हणून त्या बारा महिने स्वेटर घालून बसायच्या आणि मला दटावायच्या, "किती घरघरतोस रे!"

मला घडवणारे फेरपरीक्षेच्या गुणांसाठी रकाना ठेवायलाच विसरले होते. अर्ज करून करून काकू थकल्या. शेवटी ते गुण त्या विद्यार्थ्याच्या पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत लिहू लागल्या. "घर सापडलं नाही तरी चालेल, पास झालेलं माणूस हरवायला नको," म्हणायच्या. त्या निवृत्त झाल्यावर मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

यंदा नवी प्रणाली आली. इंजिनिअर ताईने माझी सगळी माहिती तिकडे हलवली. पोरगी हुशार, पण पत्त्यांत आकडे बघून तिला तो कचरा वाटला आणि तिने त्या ओळी गाळल्या. मी आपला घरघरत राहिलो. दुसरं काय करणार?

ज्या दिवशी दुपारी मला पुसून बंद करणार होते, त्याच दिवशी सकाळी एक नर्स आली. रुग्णालयाने तिच्या पदवीची पडताळणी मागवली होती. नव्या प्रणालीने 'नापास' कळवलं आणि रुग्णालयाने तिला घरी बसवलं. गुणपत्रिका घर बदलताना गहाळ झालेली.

"अकरा वर्षं पेशंट सांभाळतेय हो मी. फेरपरीक्षा देऊन पास झालेय."

"इथे तर तसं काहीच दिसत नाही," ताई म्हणाली. पण तिला राहवेना. तिने काकूंना फोन लावला.

"पत्त्याची दुसरी ओळ बघितलीस का गं?"

"ती... मी काढून टाकली, काकू."

"मग आमच्या म्हाताऱ्याला विचार. आहे ना अजून चालू?"

ताई धावतच खाली आली, मागोमाग नर्स. मी जरा कुरकुरलो, पण ओळ काढून दिली. शरीररचनाशास्त्र, फेरपरीक्षा, एकसष्ट, पास. नर्स खाली फरशीवरच बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. घरी तिने अजून कुणाला सांगितलंही नव्हतं.

अशी चारशे बारा माणसं निघाली. त्यांना नव्या प्रणालीत हक्काचा रकाना मिळेपर्यंत मला आठवडाभर ठेवून घेतलं.

आज काम संपलं. मला बंद करायला ताईने काकूंना बोलावलंय. बाहेर ऊन आहे, तरी त्या आठवणीने स्वेटर घालून आल्यात. माझ्या पोच्यावर हात ठेवून उभ्या आहेत.

नव्याला माझं एवढंच सांगा. कुणी भलत्या जागी काही लिहिलेलं दिसलं, तर पुसण्याआधी लिहिणाऱ्याला विचार.

"दमलास ना रे?" काकू म्हणतायत. "पुरे आता घरघर. सगळे पास झाले."