आठ अक्षरांत बसणारं नाव

"टूल कुठाय गो यात?" हिरामणने कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावत विचारलं.

"तो पिवळा ठिपका, काका."

"ठिपका? माझं टूल एवढं रोडावलं कधी?"

नम्रता हसली. जवळच्या वरसे गावची ही पोर डिप्लोमा करून सहा महिन्यांपूर्वी रोह्याच्या कारखान्यात लागली होती. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या लेथचे, म्हणजे फिरतं लोखंड टूलने कापणाऱ्या मशीनचे, प्रोग्राम तीच लिहायची. हिरामण पेणच्या रामवाडीचा. आधी एसटीने, मग रेल्वेने, अशी चोवीस वर्षं येऊन-जाऊन जुन्या लेथवर हात काळे केलेला टर्नर. दुपारी साहेब परीक्षा घेणार होते. मशीन सुरू व्हायच्या आधी पडद्यावर काम कसं होतं ते दाखवतात. ते ज्याला वाचता येईल तो नव्या मशीनवर, बाकीचे पॅकिंगला. आता या वयात खोकी चिकटवायची?

"आणि पलीकडनं का येतंय? टूल कसं, आपल्या पोटाकडनं जातं."

"नव्या मशीनला पलीकडेच असतं."

"आसंल. पण मला उलटं कळत नाय, बाय."

नम्रताने की-बोर्ड पुढे ओढला. ठिपक्याच्या जागी दांड्यासकट अख्खं टूल आणलं. चांगलं जाड केलं. मग सगळं चित्रच उलटवलं. टूल आपल्या बाजूने येताना दिसलं मात्र, हिरामणचा उजवा हात वर उठला आणि हवेतच हँडल फिरवू लागला. त्याचं त्यालाही कळलं नाही. नम्रताला हसू नाही आलं. तिने चित्राचा वेग कमी कमी करत त्या हाताच्या चालीवर आणला.

साहेब आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "हे काय चित्र केलंय?"

"दिसण्यापुरतंच बदललंय, सर. मशीनला फरक पडत नाही."

टूल चालू लागलं, हातही चालू लागला. चित्रातल्या लोखंडावर एक जाड कडं होतं, कॉलर. तिच्यामागच्या खाचेपाशी हात एकदम थांबला. पडद्यावरचं टूल मात्र पुढे गेलं.

"दांडा लागंल," हिरामण हळूच म्हणाला.

नम्रताचा चेहरा उतरला. खरंच, दांडा सरळ कॉलरमधून गेला होता. ठिपक्याला दांडाच नव्हता, म्हणून ही धडक तिला आजवर दिसली नव्हती. तिचा पहिला मोठा प्रोग्राम होता तो.

"कोणाची चूक ही?" साहेबांनी विचारलं.

"चूक कसली, साहेब," हिरामण म्हणाला. "ह्याच्यासाठीच तर आधी बघत्यात. बाय, टूल जरा बारक्या दांड्याचं घे, म्हंजे झालं."

तिने टूल बदलून पुन्हा दाखवलं. या वेळी हात आणि टूल दोन्ही शेवटपर्यंत बरोबर गेले. साहेबांनी दोघांकडे पाहिलं. "सोमवारपासून नव्या मशीनवर या," हिरामणला एवढंच सांगून ते गेले.

हिरामण स्टुलावर टेकला. नम्रता अजून पडद्यापुढेच होती.

"काका, तुमचं हे चित्र वेगळं जपून ठेवते. याला नाव द्यायला लागतं, पण आठच अक्षरं चालतात. इंग्रजीत तुमचं नाव बसतं, पुढे 'काका' बसत नाही." ती अवघडली. "नुसतं हिरामण टाकलं तर चालेल?"

हिरामणने चष्मा काढून शर्टाला पुसला.

"टाक गो," तो म्हणाला. "कामावर नुसतं नावच लागतं."