परक्या फायली

जावयाने सासरी कसं वागावं, याची कमलबाईची एक रीत होती. नवीनने ती पायदळी तुडवली. मेलेल्या मेव्हण्याचा लॅपटॉप त्याने न विचारता कोरा करून आणला, खाटेवर ठेवला आणि चहा फुंकता फुंकता म्हणाला, "अक्का, घरचं होतं ते या पेनड्राइव्हमध्ये काढलंय. बाकी परकं पुसून टाकलं. मशीन आता कामिनीला वापरता येईल."

घरचं म्हणजे काय, तर लग्नाचे फोटो आणि विजेची बिलं. तिच्या मुलाचा, प्रेमराजचा आवाज कुठेच नव्हता.

कमलबाईला तेवढाच हवा होता. धरणगावच्या याच घरात बसून प्रेमराजने आंधळ्या माणसांसाठी अहिराणी बोलणारं सॉफ्टवेअर केलं होतं. त्यातले शब्द सगळे आईच्या तोंडचे. एकेक वस्तू पुढे धरून तो विचारायचा आणि ही वैतागून नाव सांगायची, ते सगळं तो रेकॉर्ड करायचा. पुढे कावीळ झाली. जळगावच्या दवाखान्यात नेला तो नेलाच.

"परकं म्हनजे कोनाचं?" तिने विचारलं.

नवीन धुळ्यात कॉम्प्युटरच्याच कामात. समजावायला बसला. "प्रत्येक फाइलीची एक लांबलचक खूण निघते, अक्का. हॅश म्हणतात. आत एक अक्षर बदललं तरी खूण बदलते. जगभर वाटलेल्या सॉफ्टवेअरच्या खुणा आधीच नोंदलेल्या असतात. ज्याची खूण जुळली, ते बाजारातलं. उरलं ते आपलं."

"उघडीसन पाहं?"

"उघडायची गरजच नसते."

लेक कामिनी आतून म्हणाली, "माय, त्यांले काय बोलस? भाऊसाठी दोन दिवस बसनात ते."

"तू भाकरी पाहाय!" कमलबाई कडाडली. मग जावयाकडे वळली. "जवाईबापू, लगीनमा पंचास्ना घरून गावना हंडे येतस ना? लगीन सरनं की परत जातस. पन हंड्यावर देनाराचं नाव ऱ्हास. मना सासराचं बी शे. तुमनी खूण जुळनी, तवय देनाराचं नाव वाचं का?"

नवीनने कप खाली ठेवला. धुळ्याहून आणलेलं स्वतःचं मशीन उघडलं. यादीत जुळलेल्या फायलींपुढे सॉफ्टवेअरचं नाव होतं, करणाऱ्याचंही. तो वाचत खाली खाली गेला आणि एका जागी बोट थांबलं. प्रेमराज, धरणगाव.

प्रेमराजने ते सॉफ्टवेअर गेल्या वर्षीच इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वाटलं होतं, आई-लेकाच्या कच्च्या रेकॉर्डिंगसकट. म्हणूनच त्याची खूण नोंदली गेली होती. आणि म्हणूनच घरातून पुसलं गेलं.

नवीनने ते पुन्हा इंटरनेटवरून उतरवलं, खूण ताडून पाहिली. तंतोतंत तेच. मग आवाज लावला.

आधी घसा खाकरल्याचा आवाज. मग, "माय, हाई काय शे?" आणि लगेच कमलबाईचाच आवाज, तिखट, घाईतला: "चाळनी! काम करू दे ना रे माले!" त्यावर तो हसला. मनापासून, दम लागेपर्यंत.

कमलबाईने पदर तोंडात धरला. खाटेची दोरी दुसऱ्या हातात घट्ट. कामिनी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला, पण कोणी हललं नाही.

"चुकलं, अक्का," नवीन खाली बघत म्हणाला.

तिने पदर सोडला.

"तुम्ही वाईट नही, जवाईबापू. मेहनत बी करी तुम्ही. पन त्याना घरमा बसीसन त्यालेच परका म्हना. जे सर्वास्ले दिधं, ते आपलं ऱ्हात नही, अशे तुमले कोनी शिकाडं?"