बाबांना जागं ठेवणारं प्रेझेंटेशन

माझं ऑफिस म्हणजे इस्त्रीचं टेबल. ते चपलांच्या कपाटाशेजारी उभं होतं, कारण आमच्या घरात इंटरनेट धड चालतं ते फक्त तिथेच. कंपनी दुसऱ्या शहरात आणि मी घरी. मॅनेजर मॅडमना मी फक्त खांद्यापर्यंत ओळखत होते. त्या उंच आहेत की बुटक्या, देव जाणे. अर्थात वरच्या कडक शर्टाखाली माझा घरातला ढगळ पायजमा असतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, म्हणजे फिट्टंफाट.

फायनान्स विभागात आम्ही तिघं इंटर्न होतो आणि पक्की नोकरी एकालाच मिळणार होती. शेवटी प्रत्येकाने मोठ्या साहेबांपुढे ऑनलाइन प्रेझेंटेशन द्यायचं, त्यावर काय ते ठरणार. ती नोकरी मला हवीच होती. बाबा नुकतेच रिटायर झाले होते, घर आईच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं, आणि कुणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांचे डोळे इस्त्रीच्या टेबलाकडे लागले होते.

बाबा बसवर कंडक्टर होते. सगळी नोकरी उभ्याने झाली, त्यामुळे रिटायर झाल्यावर ते जे खुर्चीत बसले ते बसलेच. ती खुर्ची माझ्या टेबलासमोर होती. म्हटलं, चला, आयते श्रोते मिळाले. मी त्यांच्यापुढे तालीम सुरू केली.

"सादर आहे मालवाहतूक खर्चातील विचलनाचं विश्लेषण," मी म्हणाले. दुसऱ्या स्लाइडला बाबांचे डोळे मिटले.

"बाबा!"

"जागा आहे गं."

"मग मी आत्ता काय म्हणाले?"

"छान म्हणालीस."

माझा असा काही संताप झाला! स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "त्यांच्यावर कशाला डाफरतेस? ऐकणारा जागा राहील असं बोल की."

मग मीही हट्टाला पेटले. बाबांचे डोळे जिथे मिटतील, ती स्लाइड बदलायची. 'विचलनाचं विश्लेषण' गेलं आणि तिथे आलं, 'गाड्यांवर जास्त पैसे का गेले?' आलेखांचे रंग कमी झाले, माझी विद्वत्ताही बरीच उतरली. तरी मधल्या स्लाइडला डोळे मिटायचेच. तिथे तर माझा खरा शोध होता. कंपनीत सगळे म्हणत होते, डिझेल महागलं म्हणून खर्च वाढला. मी ट्रकची एकेक फेरी तपासली तर वेगळंच निघालं. विक्रीवाल्यांना महिनाअखेरीस आपलं टार्गेट पूर्ण झालेलं दाखवायचं असतं, म्हणून ते माल घाईघाईने रवाना करतात आणि ट्रक अर्धे रिकामेच निघतात. ज्या दिवशी हे मी इतकं सरळ सांगितलं, त्या दिवशी बाबा खुर्चीत ताठ झाले.

"म्हणजे गाडी अर्धी रिकामी पळवायची आणि बोल डिझेलला लावायचा?"

"हो!"

"मग असंच म्हण ना!"

मी ते वाक्य जसंच्या तसं स्लाइडवर टाकलं. त्यानंतर बाबा शेवटपर्यंत जागे राहिले. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा पुन्हा तालीम करत सुटले, तीही आई आतून ऐकेल इतक्या मोठ्याने. आणि ऐन प्रेझेंटेशनच्या सकाळी उठले तर तोंडातून नुसती हवा. मिठाच्या गुळण्या झाल्या, वाफ झाली, काही उपयोग झाला नाही. आई कामावर गेलेली. मी मॅडमना चॅटवर लिहिलं, 'आवाज बसलाय.' उत्तर आलं, 'साहेब संध्याकाळी दौऱ्यावर निघतायत. पुढे ढकलता येणार नाही. कुणाकडून तरी वाचून घे.'

मी रडवेली होऊन बाबांकडे पाहिलं. ते आत गेले आणि ड्युटीचा शर्ट घालून आले. चुरगळलेलाच, कारण इस्त्रीचं टेबल माझ्याकडे.

"चष्मा?" मी खुणेने विचारलं.

"कशाला? पाठ आहे सगळं."

आणि बाबांनी सुरुवात केली. घरभर घुमणारा आवाज, भरलेल्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत पोचवायची सवय. मॅडमनी कानातले हेडफोन जरा दूर धरले. एक स्लाइड संपली की बाबा म्हणायचे, "चला, पुढे!" आणि मी बटण दाबायची. एक आकडा चुकला नाही, एक ओळ गळली नाही.

"पण डिझेल वाढलंय, हे तर खरं ना?" साहेबांनी मध्येच विचारलं.

मी भराभर कागदावर मोठ्या अक्षरांत उत्तर खरडलं. बाबांनी डोळे बारीक करून वाचलं आणि म्हणाले, "ती म्हणते, वाढलंय, पण थोडंसंच. बाकीचं रिकाम्या गाड्यांचं आहे, फेऱ्यांचे आकडे पुढच्या स्लाइडवर आहेत. चला, पुढे!"

साहेब मोठ्याने हसले. त्या हसण्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळेना.

चार दिवसांनी माझा आवाज परत आला, त्याच दिवशी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. "जागा तुझी," त्या म्हणाल्या. "ट्रक भरल्याशिवाय सोडायचा नाही, असा हुकूमच काढलाय साहेबांनी. म्हणाले, खर्च का वाढला हे पहिल्यांदा एका दमात समजलं. इतकं साधं मांडायला कुठे शिकलीस गं?"

मी काहीतरी पुटपुटले, कॉल बंद केला आणि बाबांना जी मिठी मारली ती इस्त्रीच्या टेबलासकट. लॅपटॉप थोडक्यात वाचला.

"पण बाबा, तुम्हाला सगळं पाठ कसं? तालमीत तर झोपायचात."

बाबा चपलांच्या कपाटाकडे बघत म्हणाले, "झोपायचो कुठे? डोळे मिटायचो."

"का?"

"कळायचं नाही तिथे. तू एवढी शिकलेली, हौसेने सांगायचीस. मला समजत नाही म्हटलं असतं, तर तू म्हणाली असतीस, जाऊ दे बाबा, तुमचं काम नाही ते. मग पुन्हा सांगितलंच नसतंस."

मी तसंच म्हणाले असते. अगदी नक्की.

"बरं, ते जाऊ दे," बाबा म्हणाले. "कंपनीने काय काय अटी घातल्यात ते सांग."

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले आणि सांगायला लागले. पगार, सुट्ट्या, कामाचे तास. बाबा डोळे मोठे करून ऐकत होते. गोपनीयतेच्या कलमापाशी आले आणि त्यांचे डोळे हळूच मिटले.

मी थांबले, आणि तेवढंच पुन्हा, साध्या शब्दांत सांगितलं.